शिकारी रायफलीची काडतुसे व नळीची निगा

रायफलीतून एक गोळी झाडण्यासाठी लागणारे सर्व घटक, म्हणजे गोळी, दारू, स्फोटक टोपी व त्यांना एकत्र धरणारा पितळी कोश, ज्यात बंदिस्त केलेले असतात त्या तयार संचास काडतूस म्हणतात. शिकारी रायफलीच्या बाबतीत दोन गोष्टींना विशेष महत्त्व आहे. पहिली, जनावराच्या आकारमानास व झाडण्याच्या अंतरास अनुरूप अशा काडतुसाची निवड. ती चुकल्यास जनावर तत्काळ मरण्याऐवजी जखमी होऊन निसटते. दुसरी, झाडल्यानंतर नळीची सफाई; ती चुकल्यास, विशेषतः जुन्या पद्धतीची संक्षारक टोपी असलेली काडतुसे वापरली असल्यास, उत्तम रायफलही एका पावसाळ्यात निकामी होऊ शकते. प्रस्तुत नोंदीत या दोन्ही बाबींचा, त्यांच्या इतिहासासह व महाराष्ट्राच्या संदर्भात, विचार केला आहे.

इतिहास : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठ्याची लेणी २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या २८ व्या घोडदळातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, ती वाघाच्या शिकारीच्या निमित्तानेच. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेले नाव व तारीख आजही पाहावयास मिळते. त्या काळच्या शिकाऱ्याजवळ काडतूस आजच्या अर्थाने नव्हतेच. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतून, तीवर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासावयाची आणि चकमकीच्या ठिणगीने बार काढावयाचा, अशी ती ठासणीची बंदूक असे. एक बार वाया गेला की दुसरा भरण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत असल्याने जखमी वाघासमोर शिकारी जवळजवळ निःशस्त्र होत असे. याच प्रदेशाच्या उत्तरेस, खानदेशात, १८२५ पासून भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमने वाघांच्या शिकारी केल्या, त्याही याच साधनांनी. कन्नड–चाळीसगाव मार्गावरील घाटास त्याचे नाव लाभले आहे.

आघाताने पेट घेणाऱ्या द्रव्यांचा शोध ही काडतुसाच्या विकासातील निर्णायक पायरी होय. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०० मध्ये पाऱ्याच्या फल्मिनेटाचे वर्णन प्रसिद्ध केले व १८०७ मध्ये अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघात-प्रज्वलनाचे एकस्व मिळविले. त्यामुळे चकमक मागे पडून तांब्याची टोपी प्रचारात आली. १८५७ च्या उठावाचे तात्कालिक निमित्त ठरलेले एन्फील्ड रायफलीचे काडतूस हे कागदी होते. ते दातांनी फोडून त्यातील दारू नळीत ओतावी लागे आणि त्यास लावलेल्या चरबीमुळे शिपायांत असंतोष पसरला. १८६६ मध्ये ब्रिटनमध्ये एडवर्ड बॉक्सर व अमेरिकेत हायरम बर्डन यांनी धातूच्या कोशाच्या बुडाशी मध्यभागी बसविलेली टोपी प्रचारात आणली. आजची बहुतेक सर्व काडतुसे या दोन पद्धतींपैकी एकीची असतात.

काळी दारू सु. ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक यांचे मिश्रण असते. जळल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक भागाचे घन अवशेषांत रूपांतर होते. म्हणून दाट धूर होतो व नळीत काजळीचा थर साचतो. १८८४ मध्ये पॉल व्हियेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजापासून धूम्रविरहित दारू तयार केली. ब्रिटनमध्ये फ्रेडरिक एबेल व जेम्स ड्यूअर यांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट ही दोऱ्यासारखी दारू सिद्ध केली. या दारूंमुळे गोळीचा वेग सेकंदास सु. ४०० मी. वरून ६०० ते ८०० मी. वर गेला, नळीचा व्यास लहान करता आला आणि वेगवान गोळीचे शिसे नळीत घासून वितळू नये म्हणून तीवर तांबे-निकेल मिश्रधातूचे वा पितळी कवच चढवावे लागले.

कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या मध्य प्रांतातील अधिकाऱ्याने १८६३ मध्ये शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यावरून या विषयाचा भारतातील शिकारीशी किती जुना संबंध आहे, याची कल्पना येते.

काडतुसाची रचना : (१) कोश : हा ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेचा असतो. बार झाल्यावर तो क्षणभर फुगून कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटतो व वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच तो आकसतो व सहज बाहेर काढता येतो. हा ताणण्या-आकसण्याचा गुण पितळेत उत्तम असल्याने इतर धातू त्याची जागा पूर्णपणे घेऊ शकलेले नाहीत. (२) स्फोटक टोपी : आघातक कील आदळताच ही पेटते व तिची ज्वाला कोशाच्या बुडातील छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. (३) दारू : ही स्फोट न होता अतिशय जलद जळते. तिच्या कणांचा आकार व त्यांवरील लेप यांवरून ज्वलनाचा वेग ठरतो. (४) गोळी : हिचा व्यास नळीतील आट्यांच्या खोलीशी जुळणारा असतो. मळसूत्री आट्यांमुळे गोळीस स्वतःभोवती गती मिळते व ती हवेत टोक पुढे ठेवून स्थिर राहते.

रायफलीचा व्यास इंचाच्या दशांशात (उदा., .३१५) किंवा मिलिमीटरांत (उदा., ८ मिमी.) सांगतात. व्यास सारखा असला तरी कोशाची लांबी व आकार भिन्न असू शकतात. म्हणून काडतुसाचे पूर्ण नाव नळीवर कोरलेल्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे, हा निवडीचा पहिला व अनुल्लंघनीय नियम होय. गोळीचे वजन पूर्वी ग्रेनमध्ये देत. १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅ.

गोळीचे प्रकार : सैनिकी गोळीचे टोक कवचाने पूर्णपणे झाकलेले असते, ती शरीरातून आरपार जाते व लहान छिद्र पाडते. शिकारी गोळीचे टोक उघड्या शिशाचे असते. लक्ष्यात शिरताच ते छत्रीसारखे पसरते, गोळी शरीरातच थांबते व तिची बहुतेक ऊर्जा तेथेच खर्च होते. या गोळीचा इतिहास भारताशी निगडित आहे. कोलकात्याजवळील दमदम येथील शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने .३०३ रायफलीसाठी टोकावरचे कवच काढलेली गोळी तयार केली व ‘दमदम गोळी’ हे नाव जगभर रूढ झाले. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांचा वापर निषिद्ध ठरविला. युद्धात जी गोळी अमानुष मानली गेली, तीच शिकारीत इष्ट समजली जाते, हा विरोधाभास वरवरचा आहे. युद्धात शत्रूला लढण्यास असमर्थ करणे पुरेसे असते. शिकारीत जनावर विनाविलंब मरणे आवश्यक असते. पूर्ण कवचाच्या सैनिकी गोळीने जखमी झालेले हरिण वा डुक्कर कित्येक किलोमीटर जाऊन दिवसा-दोन दिवसांनी मरते.

तिसरा प्रकार भरीव गोळीचा. जाड पोलादी कवचाची वा एकाच धातूची ही गोळी पसरत नाही. हत्ती वा गवा यांसारख्या जनावरांच्या जाड कातडीतून व हाडांतून सरळ खोल जाण्यासाठी ती वापरीत.

निवडीची तत्त्वे : गोळीची गतिज ऊर्जा तिच्या वजनाच्या व वेगाच्या वर्गाच्या गुणाकाराच्या निम्मी असते. वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते. तथापि केवळ ऊर्जेवरून निवड करणे योग्य नाही. हलकी व अतिवेगवान गोळी हाडावर आदळून फुटते; जड व संथ गोळी खोल जाते, पण दूर अंतरावर तिचा मार्ग अधिक वाकतो. पुढील कोष्टकात भारतात परिचित असलेल्या काही काडतुसांची स्थूल मापे दिली आहेत. दारूचा भार व नळीची लांबी यांनुसार ती बदलतात.

| काडतूस | गोळीचे वजन (ग्रॅ.) | आरंभीचा वेग (मी./से.) | ऊर्जा (जूल) |
|---|---|---|---|
| .२२ लाँग रायफल | २.६ | ३३० | १४० |
| .२७५ (७ × ५७ मिमी.) | ९.१ | ८१० | ३,००० |
| .३१५ (८ मिमी., मूळ ऑस्ट्रियन भार) | १५.८ | ६२० | ३,००० |
| .३०३ (सैनिकी) | ११.३ | ७४० | ३,१०० |
| .३०-०६ | ११.७ | ८२० | ३,९०० |
| .३७५ मॅग्नम | १९.४ | ७६० | ५,६०० |
| .४७० | ३२.४ | ६५५ | ६,९५० |

यांपैकी .२२ हे नेमबाजीच्या सरावासाठी व सशासारख्या लहान प्राण्यांसाठी असलेले काडतूस आहे. रानडुकरावर ते वापरणे म्हणजे त्या प्राण्यास यातना देणे होय. मध्यम गटातील .२७५, .३१५ व .३०-०६ ही मऊ टोकाच्या गोळीसह हरिणवर्गीय प्राणी, नीलगाय व रानडुक्कर यांस पुरेशी ठरतात. नीलगाईचा नर दोनशे किग्रॅ. हून अधिक वजनाचा असल्याने त्यासाठी या गटातील जड गोळी निवडावी. .३७५ व त्यावरील काडतुसे वाघ, गवा, हत्ती यांसारख्या धोकादायक जनावरांसाठी होती.

मोठ्या व्यासाच्या काडतुसांच्या नामावळीत भारतातील राजकीय परिस्थितीचा ठसा उमटलेला आहे. .४५० व्यासाच्या जुन्या सैनिकी रायफलींना चालणारी गोळी बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या व्यासाच्या काडतुसांच्या आयातीस भारतात बंदी घातली. तेव्हा इंग्लंडमधील कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशा थोड्या वेगळ्या व्यासांची काडतुसे काढली. सैनिकी व्यास नागरिकांस निषिद्ध ठेवण्याचे धोरण स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्याने नागरिकांसाठी बनविलेली शिकारी रायफल .३०३ ची नसून .३१५ ची आहे, याचे कारण हेच. तिची यंत्रणा ली-एन्फील्ड पद्धतीची असली, तरी काडतूस मूळच्या ऑस्ट्रियन ८ × ५० मिमी. मानलिखर काडतुसावर आधारलेले आहे. दोन्ही काडतुसे कडधारी व दिसण्यात सारखी असली, तरी मापे भिन्न असल्याने त्यांची सरमिसळ धोकादायक आहे.

निवडीत तापमानाचाही विचार करावा लागतो. दारू तापलेली असल्यास ती अधिक जलद जळते व नळीतील दाब वाढतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंश से. च्या वर जातो व उन्हात ठेवलेल्या बंद मोटारीत तापमान त्याहून बरेच अधिक असते. याच कारणास्तव इंग्लंडमधील कारखाने भारत व आफ्रिका यांसाठी दारूचा भार किंचित कमी केलेली ‘उष्ण कटिबंधीय’ काडतुसे वेगळी बनवीत. काडतुसे सावलीत ठेवावी व कोठीत भरून उन्हात फार वेळ राहू देऊ नयेत.

जुनी काडतुसे घेताना कोशाच्या मानेवर चिरा, टोपीवर हिरवा गंज, सैल गोळी वा ओल लागल्याच्या खुणा आहेत काय, ते पाहावे. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेस रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण टोपी उशिराने पेटण्याचा संभव असतो. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आल्यास पुढील बार काढण्यापूर्वी गोळी नळीत अडकली नसल्याची खात्री करून घ्यावी. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटते.

संक्षारक टोपी : धूम्रविरहित दारू प्रचारात आल्यावर नळ्या स्वच्छ राहतील अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात त्या पूर्वीपेक्षा अधिक गंजू लागल्या. काळ्या दारूचा अवशेषही ओल शोषणारा व गंजकारक असतो, परंतु तो डोळ्यांना दिसत असल्याने शिकारी नळी गरम पाण्याने धुवून काढीत. नव्या दारूनंतर नळी चकचकीत दिसे; म्हणून लोक केवळ तेलाची चिंधी फिरवून ती ठेवून देत व काही दिवसांनी आत तांबूस डाग आढळत. दोष दारूतील आम्लाचा असावा असे बराच काळ मानले जाई व त्यावर अल्कलीयुक्त तेलांचे उपाय सुचविले जात.

खरे कारण टोपीत होते. त्या काळच्या टोप्यांत ऑक्सिजन पुरविण्यासाठी पोटॅशियम क्लोरेट असे. बार होताना त्यातील ऑक्सिजन निघून जातो व पोटॅशियम क्लोराइड उरते. हे लवण रासायनिक दृष्ट्या खाण्याच्या मिठाचे भावंड आहे. त्याचा अतिसूक्ष्म थर नळीभर पसरतो, हवेतील ओल ओढून घेतो व क्लोराइडाच्या द्रावाने पोलादावर खोल खळगे पाडणारा गंज सुरू होतो. अमेरिकेच्या खाण विभागातील विल्बर्ट हफ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत प्रयोगांनी हे सिद्ध केले. तेलाच्या थराखालीही हा गंज चालू राहतो, हे त्यांच्या संशोधनाचे वैशिष्ट्य होय. लवण तेलात विरघळत नाही. त्यामुळे तेल लावणे म्हणजे मीठ झाकून ठेवणे ठरते.

पाऱ्याच्या फल्मिनेटाचा दोष वेगळा आहे. त्यातून सुटणारा पारा पोलादास फारशी इजा करीत नाही, परंतु पितळी कोशात शिरून तो ठिसूळ करतो.

जर्मनीत व अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात शिसे स्टिफ्नेट व बेरियम नायट्रेट यांवर आधारलेल्या असंक्षारक टोप्या बाजारात आल्या. त्यांच्या अवशेषांत क्लोराइड नसते. तथापि क्लोरेटयुक्त टोप्या दीर्घकाळ साठवणीत अधिक भरवशाच्या समजल्या जात असल्याने अनेक देशांच्या सैन्यांनी त्या दुसऱ्या महायुद्धानंतरही वापरल्या. जुन्या साठ्यातील काडतुसांच्या पेटीवर स्पष्ट उल्लेख नसल्यास ती संक्षारक आहेत असेच गृहीत धरावे. अनावश्यक धुण्याने रायफलीचे काही बिघडत नाही. न धुण्याने मात्र ती कायमची बिघडते.

गंज व झीज यांत फरक केला पाहिजे. आरंभीच्या कॉर्डाइटात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन असे. त्याच्या अत्युच्च तापमानामुळे कोठीलगतचे आटे झिजून जात. म्हणून पुढे नायट्रोग्लिसरिनाचे प्रमाण ३० टक्क्यांवर आणण्यात आले. ही झीज झाडण्याच्या संख्येवर अवलंबून असते व ती टाळता येत नाही. गंज मात्र एका बारानेही सुरू होतो व पूर्णपणे टाळता येतो.

हवामानाचा परिणाम : पोटॅशियम क्लोराइड सापेक्ष आर्द्रता सु. ८४ टक्क्यांहून अधिक झाली की हवेतील ओल शोषून स्वतःच द्रवरूप होते. कोकणात ही स्थिती वर्षातील बराच काळ रात्री-पहाटे असते, शिवाय समुद्राकडून येणाऱ्या हवेत मीठ असते. तेथे न धुतलेली नळी एका रात्रीतही डागाळते. मराठवाड्यात गोष्ट वेगळी व अधिक फसवी आहे. उन्हाळ्यात तेथील हवा अतिशय कोरडी असल्याने मे महिन्यात झाडलेली रायफल आठवडेच्या आठवडे स्वच्छ दिसते. मालकास वाटते की काडतुसे निर्दोष आहेत. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला, की नळीत सुप्त असलेले लवण जागे होते व नांगरणी-पेरणीच्या गडबडीत कोणी पेटी उघडत नाही. दिवाळीस रायफल काढावी, तो आट्यांवर खळग्यांच्या रांगा दिसतात. कोरडे हवामान लवण नाहीसे करीत नाही. त्याच्या कार्यास केवळ मुदत देते.

खळगे पडलेल्या नळीत तांब्याचा व काजळीचा मळ अधिक साचतो, गोळीचे कवच खरवडले जाते व नेम विखुरतो. पन्नास मीटरांवर हा फरक जाणवत नाही. शंभर-दीडशे मीटरांवर तो जनावराच्या काळजाऐवजी पोटावर गोळी लागण्याइतका असू शकतो. अशा रीतीने नळीची निगा हा केवळ मालमत्ता जपण्याचा प्रश्न राहत नाही.

सफाईची पद्धत : संक्षारक काडतुसे झाडल्यावर त्याच दिवशी, शक्यतो मुक्कामावर पोहोचताच, सफाई करावी. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

(१) रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून बोल्ट काढून घ्यावा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावी.

(२) नळीचे तोंड खाली करून कोठीच्या बाजूने, वाकडी तोटी असलेल्या नरसाळ्यातून, एक ते दीड लिटर उकळते पाणी ओतावे. ब्रिटिश व हिंदी सैन्यात ली-एन्फील्ड रायफलीसाठी असे नरसाळे दिलेले असे. पाणी लाकडी दस्त्यात वा यंत्रणेत मुरू नये म्हणून फडके गुंडाळावे. १०० ग्रॅ. पाण्यात पोटॅशियम क्लोराइड २० अंश से. ला सु. ३४ ग्रॅ. व उकळबिंदूस सु. ५६ ग्रॅ. विरघळते. यावरून थंड पाणीही लवण काढू शकते हे स्पष्ट होईल. उकळत्या पाण्याचा खरा लाभ असा की, तापलेली नळी आपोआप वाळते.

(३) गजास वा दोरीस कोरडी चिंधी लावून ती कोठीकडून तोंडाकडे ओढावी. तोंडाकडून गज घालणे अपरिहार्य असल्यास तो आट्यांच्या कडेस घासणार नाही याची काळजी घ्यावी, कारण नेमाची अचूकता तोंडाजवळच्या आट्यांवर फार अवलंबून असते. चिंधी कोरडी बाहेर येईपर्यंत ही क्रिया पुन्हा करावी.

(४) त्यानंतर मळ विरघळविणारे द्रावण लावून कांस्याचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार न्यावा व पुन्हा चिंध्यांनी पुसावे. या टप्प्यात काजळी व तांब्याचा मळ निघतो. अमोनियायुक्त द्रावण तांबे काढते, परंतु ते लवणाचे ‘उदासिनीकरण’ करते ही समजूत चुकीची आहे. लवण हे आधीच उदासीन असते. ते केवळ पाण्याने धुतले जाते. अमोनियायुक्त द्रावण नळीत फार वेळ राहू देऊ नये.

(५) बोल्टचे तोंड, आघातक कील व काडतूस ओढणारी आकडी यांवरही टोपीचा अवशेष उडतो. तीही ओल्या व नंतर कोरड्या फडक्याने पुसावी. ही जागा बहुधा विसरली जाते.

(६) नळी पूर्ण कोरडी व हातास कोमट असतानाच तीत पातळ तेलाचा हात फिरवावा. दुसऱ्या दिवशी व पुन्हा तीन-चार दिवसांनी चिंधी फिरवून पाहावी. ती तांबूस आली तर धुण्यात उणीव राहिली असे समजून सर्व क्रिया पुन्हा करावी.

(७) पुढील वेळी झाडण्यापूर्वी नळीतील तेल पुसून काढावे. तेलकट नळीतून पहिली गोळी नेमापासून दूर जाते.

रानात गरम पाणी न मिळाल्यास साध्या स्वच्छ पाण्यात भिजविलेल्या पाच-सहा चिंध्या फिरवून नळी कोरडी करावी व तेल लावावे. हा उपायही नुसत्या तेलापेक्षा पुष्कळच श्रेयस्कर होय. पाण्याने पोलाद गंजेल या भीतीने नळी न धुणे ही सर्वांत सामान्य व सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

साठवण : रायफल चामड्याच्या पिशवीत पावसाळाभर ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते. काडतुसेही चामडी पट्ट्यात ठेवल्यास चामडे कमावण्याच्या द्रव्यांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो. ती मूळ पेटीत, कोरड्या डब्यात ठेवावी. या संदर्भात भारतातील एक जुना अनुभव बोधप्रद आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेल्या काडतुसांच्या पितळी कोशांना मोठ्या प्रमाणावर चिरा पडत. ऋतूशी संबंध दिसल्याने या दोषास ऋतुजन्य तडे असे नाव पडले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतील ओल आणि कोश घडविताना पितळेत राहून गेलेला ताण या तिहींच्या संयोगाने हे घडते, असे १९२१ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. कोश बनविल्यावर तो बेताने तापवून ताण काढून टाकणे हा त्यावरील उपाय ठरला. गोठ्यालगतच्या खोलीत वा खताच्या पोत्यांजवळ काडतुसे ठेवू नयेत, हा त्यातील आजच्या शेतकऱ्यास उपयुक्त धडा होय.

महाराष्ट्रातील उत्पादन : पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. लहान शस्त्रांच्या काडतुसांचे ते भारतातील एक जुने व प्रमुख केंद्र असून तेथील काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे आढळतात. नागरी वापराच्या .३१५ काडतुसांचे उत्पादनही तेथे होत आले आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये दुसरा कारखाना सुरू झाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लि. या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे, तर ईशापूरचा रायफल कारखाना कानपूर येथे मुख्यालय असलेल्या कंपनीकडे आला.

कायदा व सद्यःस्थिती : रायफल व काडतुसे बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. काडतुसे परवान्यावर नमूद केलेल्या व्यासाची व मर्यादेतच घेता येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे छंद म्हणून शिकार करणे भारतात संपुष्टात आले. मानवी जीवितास वा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोका निर्माण करणारा प्राणी मारण्याची परवानगी अधिकृत वनाधिकारी लेखी आदेशाने देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर व नीलगाय यांच्या उपद्रवाबाबत हा मार्ग अवलंबिला जातो. विनापरवानगी मारणे हा गुन्हा होय. कोकणात ‘शेतीसंरक्षण’ परवान्यावरील बंदुका परिचित आहेत. त्यांत ठासणीच्या व छऱ्यांच्या बंदुकांचा भरणा असतो.

रायफलीची गोळी तीन किलोमीटरांहून अधिक जाऊ शकते. सपाट शिवारात, वस्त्या व मळे जवळ असताना, गोळीच्या मागे मातीचा उंचवटा असल्याखेरीज ती झाडू नये. परवानगीने प्राणी मारतानाही योग्य काडतूस व नेमकी नळी यांचे महत्त्व कमी होत नाही. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजवीकडील वरचे व खालचे सुळे पूर्वीच्या कोणाच्या तरी गोळीने तुटलेले होते. नैसर्गिक भक्ष्य मारता न आल्याने ती माणसांकडे वळली, असे त्यांचे मत होते. बेतावाचून झाडलेली एक गोळी किती दूरवर जाऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

कन्नड तालुक्याचा काही भाग व लगतचे जळगाव जिल्ह्यातील डोंगर मिळून १९८६ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले. ज्या डोंगरांत एकेकाळी शिकाऱ्यांचे हाके उठत, तेथे आता बंदुकीस मज्जाव आहे. या प्रदेशातील जुन्या घरांत पिढीजात रायफली अद्याप आढळतात. त्यांच्या नळ्यांची स्थिती पाहिल्यास पूर्वीच्या मालकाने बार काढल्यावर पाणी तापविले होते की नुसते तेल लावले होते, हे पन्नास वर्षांनंतरही ओळखता येते.